रक्त येतं म्हणून ब्रश थांबवू नका

या वेळच्या टपालात हिरड्यांचे प्रश्न इतके होते की बाकीचे विषय मागे ठेवावे लागले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, आणि लांबलचक पत्रांतला नेमका प्रश्न तेवढा घेतला आहे.

ब्रश करताना खालच्या पुढच्या दातांपाशी रोज रक्त येतं. दुखत मात्र नाही. तीन आठवडे झाले, त्या जागी ब्रश लावणंच सोडलंय, तरी रक्त वाढतंय. ब्रश बदलू का? (वय ३४)

वाढणारच. जिथे रक्त येतं तिथे ब्रश टाळायचा, हे जवळजवळ प्रत्येकाला सुचतं आणि तेच अंगाशी येतं. ब्रश लागल्यामुळे हिरडी फुटते असं वाटतं, पण हिरडी आधीच सुजलेली असते. दात आणि हिरडी जिथे टेकतात त्या कडेवर जंतूंचा पांढुरका, चिकट थर बसतो. त्याला प्लाक म्हणतात. नखाने खरवडला तर लोण्यासारखा निघून येतो. त्याच्याशी झुंजायला शरीर तिथला रक्तपुरवठा वाढवतं, हिरडीचं आतलं अस्तर नाजूक होतं, आणि मग मऊ ब्रशचा स्पर्शही पुरतो.

१९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार सोप्या पद्धतीने दाखवून दिलं. निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांनी दात घासणं पूर्ण बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे या टप्प्यावरचं दुखणं पूर्ण बरं होतं. सूज खाली उतरून हाडापर्यंत गेली की मात्र गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

तुमची जागाही बोलकी आहे. जिभेखाली लाळग्रंथींची तोंडं उघडतात, ती खालच्या पुढच्या दातांच्या अगदी मागे. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट प्लाकमध्ये मुरतं. एकदोन दिवसांत तो घट्ट व्हायला लागतो आणि दहाबारा दिवसांत त्याचं पक्कं किटण होतं. दातांच्या आतल्या बाजूने जीभ फिरवून पाहा. गुळगुळीत लागण्याऐवजी खरखरीत कंगोरा लागला, तर ते किटण. ते ब्रशने निघत नाही, आणि पिन, सुई किंवा ब्लेडने काढायला तर जाऊच नका. एकदा दंतवैद्याकडून स्केलिंग, म्हणजे किटणाची सफाई, करून घ्या.

ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा घ्या. मुठीत न धरता पेनसारखा धरला की जोर आपोआप कमी पडतो. केस हिरडीच्या दिशेने ४५ अंशांत तिरके टेकवा, अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर. जागा न सोडता दहाएक वेळा अगदी आखूड हेलकावे द्या, मग पुढच्या दोन-तीन दातांवर सरका. लांब आडवे फटकारे मारले तर दाताचा फुगीर भाग चकचकीत होतो आणि कड तशीच राहते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश आडवा मावतच नाही. तो उभा धरून टोकाच्या केसांनी एकेक दात घासा. बहुतेकांची हीच बाजू राहून जाते.

जबड्याच्या चार भागांना प्रत्येकी ३० सेकंद, असं दिवसातून दोनदा. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. घासून झाल्यावर फेस थुंकून टाका, पाण्याने खळखळून चूळ भरू नका, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. तीन महिन्यांच्या आत केस बाहेर फाकत असतील तर तुम्ही जोर जास्त लावताय. पहिले तीन-चार दिवस रक्त येईल, आठवड्याभरात कमी व्हायला हवं. नीट घासूनही दोन आठवड्यांनी येतच असेल तर आत किटण आहे किंवा कारण वेगळं आहे. आणि एकाएकी सगळ्याच हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं, जोडीला थकवा, ताप, अंगावर काळेनिळे डाग असतील, तर आधी फिजिशियनकडे जाऊन रक्ताची तपासणी करून घ्या.

दातांच्या फटीत फ्लॉसचा धागा घालावा की तो बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा चिमुकला ब्रश? फ्लॉस माझ्याकडे अडकतो आणि तुटतो. (वय २९)

फट बघून ठरवायचं. दोन दात एकमेकांना घट्ट चिकटलेले आणि मधला हिरडीचा त्रिकोण पूर्ण भरलेला असेल, तर फ्लॉस. त्रिकोण थोडासुद्धा खाली बसला असेल आणि तिथे काळसर फट दिसत असेल, तर छोटा ब्रश, म्हणजे इंटरडेंटल ब्रश. जिथे तो मावतो तिथे तोच वापरा. दातांची मुळं सरळ सपाट नसतात. दाढांच्या मुळांना बाजूने पन्हळीसारखी खोबण असते. ताणलेला धागा त्या खोबणीच्या दोन काठांवरून निघून जातो, केस मात्र आत शिरतात.

माप चुकलं तर काही उपयोग नाही. ब्रश किंचित अडत आत जायला हवा आणि मधली तार दाताला घासता कामा नये. ढकलताना वाकला तर मोठा, सळकन गेला तर लहान. एकाच तोंडाला दोन मापं लागणं नेहमीचंच आहे, पुढे बारीक आणि दाढांना जाड. प्रत्येक फटीत चार-पाचदा पुढेमागे करा. पेस्ट नको. केस झडले किंवा तार वाकली की टाकून द्या.

फ्लॉससाठी साधारण ४५ सेंटिमीटर धागा घ्या. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर ताणलेला ठेवा. करवतीसारखा हलवत अलगद खाली उतरवा. झटक्याने दाबलात तर तो हिरडीत रुततो, आणि ते रक्त जखमेचं असतं. खाली गेल्यावर धागा एका दाताभोवती कमानीसारखा वळवून हिरडीच्या किंचित खालपासून पाच-सहा वेळा वरखाली घासा. मग त्याच फटीतला दुसरा दात. एका फटीला दोन भिंती असतात, आणि दुसरी बहुधा विसरली जाते.

धागा दर वेळी त्याच एका जागी फाटत असेल तर दोष तुमच्या हातात नाही. तिथे जुन्या फिलिंगची कड बाहेर आलेली असते, दात किडलेला असतो किंवा किटणाचा कंगोरा असतो. ती जागा दंतवैद्याला बोट ठेवून दाखवा. वापरलेल्या धाग्याचा वास घेऊन पाहायलाही हरकत नाही. ज्या जागेचा वास घाण येतो, तिथे रोजची सफाई पोचत नाहीये.

आईने स्केलिंग करून घेतलं. आता तिचे दात हलतात, फटी पडल्यात, थंड पाण्याने कळ जाते. स्केलिंगने दात सैल होतात हे खरंच आहे तर! (वय ४१)

चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार आहे हा. दात हाडात रोवलेला असतो. हाड आणि मुळाला बांधणारे तंतू वर्षानुवर्षांच्या सुजेने झिजतात, आणि इकडे किटण वाढत जाऊन शेजारशेजारच्या दातांना सिमेंटसारखं जखडून ठेवतं. दात तेव्हाही सैलच होता, फक्त हलायला जागा नव्हती. किटण निघाल्यावर खरी स्थिती उघडी पडली. फटींचंही तेच. तिथे आधी किटण आणि सुजलेली हिरडी होती. किटण गेलं, सूज उतरली, फट दिसू लागली.

किटण काढायच्या यंत्राच्या, म्हणजे अल्ट्रासॉनिक स्केलरच्या, टोकाला धार नसते. ते सेकंदाला २५ हजारांहून अधिक वेळा थरथरतं आणि त्या कंपनांनी किटण तडकून सुटतं. पाण्याचा फवारा टोक थंड ठेवतो. नीट वापरलं तर दाताचं कवच, म्हणजे इनॅमल, निघत नाही.

थंड लागण्याचं कारण वेगळं. मुळावर इनॅमल नसतं. इतके दिवस किटणाने झाकलेलं मूळ आता उघडं पडलंय. ही कळ बहुधा काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत ओसरते. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट रात्री बोटाने त्या जागी चोळून तशीच राहू द्या. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून लोक ती सोडून देतात.

दात हलणं मात्र तपासून घ्या. १ मिलिमीटरपर्यंत हलणारा दात उपचारानंतर पुष्कळदा घट्ट होतो. त्याहून जास्त हलणाऱ्याला कधी शेजारच्या दातांशी बांधून आधार देतात. दाबल्यावर खालीवरही होणारा दात वाचवणं अवघड असतं.

माझ्या दातांच्या तक्त्यावर ३-३-६, ५-४-७ असे आकडे लिहिलेत आणि चार बैठकांत ‘खोल सफाई’ सांगितली आहे. आकड्यांचा अर्थ काय? अँटिबायोटिक्सचा कोर्स घेऊन हे टळणार नाही का? (वय ४७)

तुमच्या दंतवैद्यांनी मोजमाप केलं आणि लिहून ठेवलं, हे उत्तम. हिरड्यांचा आजार बराच काळ दुखत नाही. आरशातही फसवतो. मोजल्याशिवाय तो कळत नाही.

मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई, म्हणजे प्रोब, हिरडी आणि दात यांच्यामधल्या खाचेत अलगद सरकवतात. प्रत्येक दाताला सहा जागी, तीन बाहेरून आणि तीन आतून. म्हणून तुमचे आकडे तीन-तीनच्या गटात आहेत. १ ते ३ मिलिमीटर ही निरोगी खाच. ४ म्हणजे लक्ष ठेवायचं. ५ आणि पुढे तो कप्पा झाला, त्याला पॉकेट म्हणतात. ही सीमा उगाच ठरलेली नाही. ब्रशचे केस हिरडीखाली जेमतेम मिलिमीटरभर जातात, फ्लॉस दोन-अडीच. त्याखाली तुमचा हात पोचत नाही, आणि तळाशी प्राणवायूशिवाय जगणारे जंतू सुखाने राहतात.

आकडा एकटा वाचू नका. हिरडी नुसती सुजून वर आली असेल तर हाड शाबूत असूनही ४ किंवा ५ येतो. उलट हिरडी ३ मिलिमीटर खाली सरकलेली असेल आणि खाच ४ ची असेल, तर त्या दाताने एकूण ७ मिलिमीटर आधार गमावलाय, तक्त्यावर मात्र नुसता ४ दिसतो. म्हणून दंतवैद्यांना दोन गोष्टी विचारा. हिरडी किती सरकली आहे, आणि एक्स-रेमध्ये हाड कुठपर्यंत आहे?

खोल सफाईत तो भाग बधिर करून हिरडीखालचं किटण काढतात आणि मुळाचा पृष्ठभाग स्वच्छ करतात. एका बैठकीत सहसा जबड्याचा एक किंवा दोन भाग होतात. बधिरता दोन-तीन तास राहते, तोवर काही चावू नका, नाहीतर गाल किंवा ओठ चावला जाईल. एकदोन दिवस हुळहुळतं. त्या रात्रीपासून बाकीच्या दातांना नेहमीसारखा आणि केलेल्या भागाला हलक्या हाताने ब्रश लावा.

फेरमोजणी दीड ते तीन महिन्यांनी होते. हिरडीला आवळून बसायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. मध्यम कप्पे साधारण १ मिलिमीटरने, ७ आणि वरचे सुमारे २ मिलिमीटरने उथळ होतात. थोडा भाग सूज उतरल्याने, थोडा हिरडी पुन्हा घट्ट बसल्याने. तुमच्या ६ चा ५ किंवा ४ झाला आणि प्रोबने रक्त येणं थांबलं, तर तिथे काम झालं. ६ किंवा जास्त राहून रक्त येतच असेल तर फ्लॅप शस्त्रक्रिया सुचवतात. त्यात हिरडी उचलून डोळ्यांना दिसेल असं मूळ साफ करतात. हाडाचा खड्डा अरुंद आणि उभा असेल तर त्यात हाडाची भर घालता येते, सगळीकडून सपाट झिजलं असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही.

अँटिबायोटिक्सचं म्हणाल, तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. प्लाक म्हणजे सुटे जंतू नव्हेत, ते एका चिकट आवरणात थरांनी राहतात. रक्तातून आलेलं औषध त्या आवरणात पुरेसं शिरत नाही, आणि किटण तर गोळीने विरघळतच नाही. आठवडाभर बरं वाटतं, कोर्स संपला की मागचे दिवस पुढे. काही निवडक रुग्णांना सफाईच्या जोडीने ती देतात, सफाईऐवजी नाही.

उपचार संपल्यावर सुरुवातीला दर तीन महिन्यांनी तपासणी आणि सफाई असते. खोल कप्प्यांत जंतूंची वस्ती काही आठवड्यांत पुन्हा जमू लागते. आजार परततो तो बहुधा या भेटी चुकवणाऱ्यांचाच.

वडिलांना मधुमेह आहे, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची चाचणी) ८.६. दंतवैद्य म्हणतात, हिरड्यांमुळेही साखर वाढते. असं असतं का?

असतं, आणि दोन्ही बाजूंनी. साखर जास्त असली की हिरड्यांची सूज तीव्र होते आणि जखम हळू भरते. हिरड्यांतली सततची सूज इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते, त्यामुळे साखर चढते. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.३ ते ०.४ ने उतरलेलं आढळतं. म्हणजे ८.६ चं ८.२ किंवा ८.३ होईल. मधुमेहाच्या औषधांना हा पर्याय नाही, पण आकडा छोटाही नाही.

वेळ सकाळची घ्या. खाऊन, गोळ्या किंवा इन्सुलिन वेळेवर घेऊनच जायचं. उपाशीपोटी गेल्यास खुर्चीतच साखर उतरू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दंतवैद्यांना आधी सांगा, ती स्वतःहून बंद करू नका.

औषधी माउथवॉश रोज वापरला तर ब्रशचा त्रास वाचेल का?

नाही. चिकटलेला थर घासल्याशिवाय निघत नाही. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश हे औषध समजा. ०.२ टक्के असेल तर १० मिलिलिटर एक मिनिट, ०.१२ टक्के असेल तर १५ मिलिलिटर अर्धा मिनिट, दिवसातून दोनदा, सहसा दोन आठवडे. जास्त दिवस वापरला की दातांवर आणि जिभेवर तपकिरी डाग येतात, चव बिघडते, किटणही लवकर धरतं. शिवाय पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा जोर मारला जातो, म्हणून ब्रशनंतर अर्धा तास थांबा. हे पाळणारे फार थोडे.

रोज दहाबारा सिगारेटी ओढतो, पण हिरड्यांतून आजवर थेंबभर रक्त नाही. मग हिरड्या ठणठणीत ना? (वय ३८)

याच भरवशावर राहू नका. तंबाखूमुळे हिरडीतली रक्तवाहिन्यांची प्रतिक्रिया दबते, त्यामुळे आत हाड झिजत असतानाही रक्त येत नाही. हिरडी फिकट आणि जाडसर दिसते. तुमच्यासाठी रक्त ही खूण बाद, कप्पे मोजूनच घ्या. सिगारेट सोडल्यावर काही आठवडे रक्त येऊ लागलं तर घाबरू नका, दबलेली प्रतिक्रिया परतते आहे. आणि तोंडात कुठेही खरवडून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा किंवा न भरणारी जखम दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर लगेच दाखवा.

पाचवा महिना चालू आहे. हिरड्या लालबुंद झाल्यात आणि दोन दातांमध्ये लाल गाठ आली आहे. बाळंतपणानंतर पाहू का?

कशाला थांबायचं? गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे हिरडी थोड्याशा प्लाकलाही जास्त सुजते. स्केलिंग केव्हाही चालतं, आणि चौथा ते सहावा महिना खुर्चीत आडवं पडायलाही सोयीचा. डाव्या कुशीकडे किंचित कलून बसा. गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी असते आणि प्रसूतीनंतर आक्रसते, तरी एकदा दाखवा. उलट्या होत असतील तर उलटीनंतर लगेच ब्रश करू नका. पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासाने ब्रश करा.

रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाल्यापासून काही महिन्यांत हिरड्या दातांवर चढू लागल्यात. (वय ५६)

गोळीमुळे असू शकतं. फिट्सवरची फेनिटोइन आणि अवयव-प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिनही असंच करतात. गोळी स्वतः थांबवू नका. दंतवैद्यांकडून चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना पर्याय विचारा. प्लाक जितका कमी, तितकी वाढ कमी, म्हणून स्केलिंग आधी. उरलेली जास्तीची हिरडी नंतर कापून आकारात आणता येते.

काल रात्री हिरडीवर अचानक पू भरलेली गाठ आली, दात वर आल्यासारखा वाटतो. दवाखाना उघडेपर्यंत काय करावं?

ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दर दोन-तीन तासांनी चूळ भरा. नेहमी चालणारी वेदनाशामक गोळी पाण्याबरोबर गिळा. ती कुस्करून हिरडीवर ठेवू नका, अ‍ॅस्पिरिनने तर हिरडी अक्षरशः भाजते. गाठ सुईने फोडू नका, बाहेरून शेक देऊ नका. पू आपोआप वाहून गेला आणि ठणका थांबला तरी दुसऱ्या दिवशी जायचंच. कप्प्याच्या तळाशी किटण किंवा अडकलेला कण तसाच असतो, आणि त्याच जागी गळू पुन्हा धरतं.

ताप आला, जबड्याखाली किंवा जिभेखाली सूज पसरली, तोंड उघडेना, गिळायला त्रास होऊ लागला किंवा आवाज बदलला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा.